जुनी हायब्रिड कॅम्री: नवी बॅटरी बसवायची की गाडी विकायची?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २०१४ ची टोयोटा कॅम्री हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हीवर चालणारी, पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली, गाव आर्णीजवळ. डिस्प्लेवर 'चेक हायब्रिड सिस्टीम' येतं, दुपारी हमखास, सकाळी बरेचदा नाही. शोरूमने मोटर चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचे साडेतीन लाख सांगितले. गाडी आहे तशी न्यायला एक जण अडीच लाख देतो. दुरुस्त करू की विकू?

माझं हिंगणघाटला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माझं म्हणणं, या आठवड्यात दोन्ही करू नका. खर्चाचा आकडा तुम्हाला मिळाला, पण नेमकं काय गेलं ते अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. हा इशाऱ्याचा लाइट दुपारीच लागतो असं तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. निकेल मेटल हायड्राइडची, ३४ मॉड्यूल (म्हणजे एकाला एक जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या), सगळे मिळून २४४.८ व्होल्ट. तिला थंड ठेवायला एक पंखा असतो आणि तो हवा ओढतो ती गाडीच्या आतली, आपण बसतो तिथली. म्हणजे आत एसी चालू असेल तर बॅटरीला गार हवा मिळते. पेट्रोल वाचवायला एसी बंद आणि काचा खाली करून मे महिन्यात यवतमाळ रोडने निघालात, तर तिला ४५ डिग्रीची हवा आणि वर धूळ. आपल्या भागात या बॅटऱ्या लवकर थकतात त्यात उन्हाचा वाटा मोठा आहे.

एका जिनिंगवाल्या भाऊंची अशीच गाडी माझ्याकडे आली होती, तक्रारही हीच. मागची सीट काढून पंखा बाहेर घेतला. पात्यांमध्ये कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ एकमेकांत गुंतून बसली होती, चिमटीत धरून ओढली तर नमद्यासारखी अख्खी पट्टी निघून आली. पंखा फिरत होता, आवाजही येत होता, पण हवा पुढे जातच नव्हती. पंखा आणि त्याची हवेची वाट साफ केल्यावर लाइट लागायचा थांबला. उष्णतेने बॅटरीचं जेवढं आयुष्य खाल्लं ते काही परत येत नाही, पण तेवढ्या कामावर ती गाडी अजून चालते आहे. तुमची गाडी वेचणीच्या दिवसांत वावरात जात असेल, कापसाच्या गंजीजवळ उभी राहत असेल, तर पहिले हे पाहा.

दुसरं, डिक्कीतली साधी १२ व्होल्टची बॅटरी. गाडी गावात पंधरा-पंधरा दिवस उभी राहिली की ती उतरते, आणि ती कमजोर झाली की हायब्रिड गाडी भलतेसलते लाइट दाखवते. ती तपासायला काही लागत नाही. बदलायची झाली तर डिक्कीत बसणारी, गॅस बाहेर काढायची नळी जोडता येते तशीच घ्या, कोपऱ्यावरच्या दुकानातली कुठलीही नको.

हे दोन्ही ठीक निघालं तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. पी०ए८० असेल तर गाडीचा संगणक बॅटरीच बदला म्हणतो. तरी तेवढ्यावर थांबू नका. ३४ मॉड्यूल दोन-दोनच्या जोडीने १७ ब्लॉक म्हणून दिसतात, प्रत्येकाचं व्होल्टेज वेगळं वाचता येतं. गाडी जोरात पळवताना रीडिंग घ्या. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक सारखेच दिसतात, जोर पडला की दुबळा खाली येतो. हे काम हायब्रिड खोललेल्या माणसाकडूनच करा. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरीला गावातल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटं थांबावं लागतं, २४४ व्होल्ट डीसी माणूस मारतो.

एक-दोन मॉड्यूल बदलून देतो म्हणणारे भेटतील. मी हे काम घेत नाही. बाकीचे ३२ तेवढेच जुने असतात, पुढच्या उन्हाळ्यात त्यातला एखादा बसतो. आणि ही गाडी निव्वळ पेट्रोलवर चालेल असं समजू नका. तिला वेगळा स्टार्टर नाही, इंजिन मोठ्या बॅटरीच्या जोरावरच सुरू होतं. ती बसली की गाडी टोचन करून नागपूरला. मारुतीच्या सियाझ किंवा अर्टिगाच्या एसएचव्हीएसवाल्यांनी (ती नुसती मदतीपुरती हायब्रिड) घाबरू नये, त्यांच्यात हायब्रिडचा भाग बिघडला तरी इंजिन गाडी ओढतं.

आता समजा बॅटरी खरंच गेली. पेट्रोलच्या बचतीवर साडेतीन लाखांचं समर्थन होत नाही, मी हिशोब करून पाहिला. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा, ही १७ देते आणि तिच्याएवढी साधी पेट्रोल गाडी १२, पेट्रोल १०५ रुपये. वर्षाला ३१ हजारांच्या आसपास वाचतात, म्हणजे वसुलीला अकरा वर्षं. त्यातही हायब्रिडची खरी बचत शहराच्या गर्दीत, तुमचं रनिंग मोकळ्या रस्त्याचं.

म्हणून प्रश्न असा विचारा: अडीच लाख हातात आले, त्यात हे साडेतीन घातले, तर सहा लाखांत याहून भरवशाची जुनी गाडी मिळेल का? तुमच्या कॅम्रीचं इंजिन, ब्रेकचा ॲक्च्युएटर (ब्रेकला दाब देणारा भाग), इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा) आणि एसीचा कॉम्प्रेसर चांगला असेल, तर बहुतेक मिळणार नाही. तिच्यात टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही, गिअरबॉक्स दणकट. मग नवा अख्खा पॅक टाका, वॉरंटी लेखी घ्या आणि निदान पाच वर्षं गाडी ठेवा. पण ब्रेकचा ॲक्च्युएटर किंवा इन्व्हर्टर यातलं एकही दुखत असेल तर मन घट्ट करून विका. त्यांचा खर्चही लहान नाही, आणि जीएसटीत २०१७ ते २०२५ अशा मोठ्या हायब्रिडवर ४३ टक्के कर असल्याने या गाड्या रस्त्यावर कमीच आल्या, सुटे भाग आणि जाणकार दोन्ही शोधावे लागतात. २०२९ मध्ये आरसीची १५ वर्षंही पूर्ण होतील, तेव्हा फिटनेस, ग्रीन टॅक्स आणि नूतनीकरणाची फी हे पण धरून चाला.

तोवर एक करा. रेल्वे फाटकावर थांबलात की गाडी 'एन'मध्ये (न्यूट्रल) ठेवू नका, 'पी'मध्ये (पार्क) ठेवा. 'एन'मध्ये मोठी बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी तिच्यावरच चालतो. पंखा साफ करून झाला आणि लाइट परत आला, तर १७ ब्लॉकच्या रीडिंगचा फोटो इथे टाका, पाहून सांगतो.