बियरसाठी गडद साखर घरी करताना पाक दाणेदार किंवा कडू का होतो?

तुम्ही विचारलंय की बेल्जियन धाटणीच्या गडद बियरमध्ये घालतात तशी तांबडी साखर इंदूरला घरच्या गॅसवर करायची आहे. एकदा पाक पातेल्यातच पांढरा, दाणेदार होऊन बसला. दुसऱ्यांदा रंग आला, पण चव कडू. या दोन चुकांची कारणं निरनिराळी आहेत.

त्याआधी एक गोष्ट. फिकट साखर हवी असेल तर खटाटोप करूच नका, खडीसाखर म्हणजे तीच. साधी साखरही तेच काम करते. यीस्ट स्वतःच साखर फोडून घेतं, त्यासाठी आपण आंबट घालून ती आधी फोडून द्यायची गरज नाही. मेहनत करायची ती फक्त रंग आणि चवीसाठी.

मग लिंबूसत्व कशाला? दाणा धरू नये म्हणून. आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि मिश्रणात पुन्हा दाणा सहजासहजी धरत नाही. १ किलो साखर, ४०० मिली पाणी, पाव चहाचा चमचा लिंबूसत्व. सियागंजात किराण्याच्या दुकानी टाटरी मागितली तरी बहुधा हेच हातात पडतं, पण पुडी वाचून घ्या. भांडं जाड बुडाचं स्टीलचं आणि निदान तिप्पट मोठं हवं, पाक फेसाळून वर येतो.

साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळा. उकळी फुटली की झारा बाहेर. दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, म्हणजे वाफेनं कडेचे कण धुऊन खाली येतात. तुमचा पाक बसला तो बहुतेक कडेला चिकटलेला एखादा दाणा आत पडून, किंवा सारखं ढवळल्यामुळे. अशी साखर फेकू नका. १५० मिली पाणी आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून पुन्हा विरघळवा.

आता रंग. इथे सगळ्यांची घाई होते. आच मोठी ठेवून पाक सरळ १८० अंश सेल्सिअसच्या पुढे नेला की काळा होतो आणि कडूही, कारण ती जळकी चव आहे. त्याऐवजी पाक १३० ते १३५ अंशांत धरून ठेवा. पारा १३५ वर जायला लागला की चमचाभर कोमट पाणी कडेनं सोडा. खाली येतो, पुन्हा चढतो, पुन्हा चमचा. साधारण पंधरा-वीस मिनिटांत मधासारखा, तासा-दीड तासात खोल तांबडा. मनुका, खारीक अशा चवी या संथ आचेवरच उतरतात. पातेल्यात बघून रंग ठरवू नका, तिथे तो काळाच दिसतो. पांढऱ्या बशीवर थेंब टाकून बघा. हवा त्याच्या किंचित आधीच गॅस बंद करा, जाड बुड पुढेही तापवत राहतं. पाणी सोडताना पाक उसळतो, म्हणून हात लांब ठेवा आणि शेजारी गार पाण्याचं पातेलं असू द्या. मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तुमचा १०० दाखवत असेल तर तो दोन अंश जास्त सांगतोय.

काही जण लिंबूसत्वाऐवजी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) घालून लवकर रंग आणतात. कृषी केंद्रातलं खताचं डीएपी चुकूनही वापरू नका, ते खाण्यासाठी नसतं. मला एकूण ही वाटच पटत नाही, वेळ वाचतो तेवढाच.

खडे करायचे तर शेवटी पाक १५० पर्यंत नेऊन बटर पेपरवर ओता. मी मात्र पातळ ठेवायला सांगेन. गॅस बंद करून, गरम पाणी थोडं थोडं घालून हलवा आणि मंद आचेवर परत ११० च्या जवळ आणून काचेच्या बरणीत भरा. इंदूरच्या पावसाळ्यात खडे ओलावा ओढून चिकट गोळा होतात.

वापरताना बियरमधल्या एकूण आंबणाऱ्या साखरेच्या (धान्यातून उतरणारी धरून) १० ते २० टक्क्यांतच ठेवा. २० लिटरला ५०० ग्रॅम साखरेनं सुरुवातीचं गुरुत्व (आंबवण्याआधीची द्रवाची घनता) सुमारे ०.०१० नं वाढतं. फार गडद केलेल्या साखरेचा काही भाग आंबत नाही, त्यामुळे तिथे हा आकडा पूर्ण मद्यात उतरणार नाही. उकळत्या वर्टमध्ये (आंबवण्याआधीच्या धान्याच्या गोड अर्कात) घालायची तर आच बंद करून, नीट ढवळत. नाहीतर ती तळाशी बसून करपते आणि दीड तासाची मेहनत वाया.

राहिली कायद्याची बाब. साखर करायला कोणी अडवत नाही, पण मध्य प्रदेशात आबकारी अधिनियम १९१५ नुसार परवान्याशिवाय बियर बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. परवाना नसेल तर हाच पाक आल्याच्या सरबतात घाला, छान लागतो.