डोळा काढायला हो कुणी म्हणायचं?

"मॅडम, डोळा न काढता काय होतंय का बघा की." रेटिनोब्लास्टोमा झालेल्या लेकरांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम, आणि त्या घरांतनं हा प्रश्न येतोच. हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या पोरांना होतो. घरच्यांना पहिल्यांदा दिसतं ते मोबाइलच्या फोटोत, फ्लॅश पडला की एका डोळ्याची बाहुली पांढरी चकाकते, नाहीतर डोळा तिरळा वाटायला लागतो.

करवीर तालुक्यातलं एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. पोरगी दोन वर्षांची, वडील शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, गाठ फार वाढलीय, त्या डोळ्याची नजर गेलेलीच आहे, आत्ता काढला तर पोरगी वाचेल, थांबलात तर डोळ्याच्या नसेतनं आजार मेंदूकडे जाऊ शकतो. सगळ्यांना कळलं होतं, पण "घरात विचारून सांगतो" म्हणून कोल्हापूरला आले ते आलेच. आजी म्हणायची पोरीच्या जातीला, लग्न कसं व्हायचं, काका कुठल्या तरी जडीबुटीवाल्याचा नंबर घेऊन आलेले, वडील गप्प. आणि आई तर बोलायचीच नाही, कारण गरोदरपणात ग्रहण पाळलं नाहीस हे तिला आधीच ऐकवून झालेलं.

माझं मत असं आहे की अशी घरं ऑपरेशनच्या भीतीनं जेवढी अडतात त्यापेक्षा जास्त या दोषानं अडतात. जो हो म्हणेल त्याच्यावर जन्मभर "यानंच डोळा काढायला लावला" हा शिक्का बसणार, आणि जिच्यावर आधीच बोट दाखवलंय ती बाई हो कशी म्हणेल?

म्हणून आजीसकट सगळ्यांना बोलवलं आणि डोळ्याचा विषय बाजूला ठेवून आधी ग्रहणावरच बोलले. आरबी१ नावाचं एक जीन, म्हणजे जनुक, असतं, त्याच्या दोन प्रती असतात, पडद्याच्या एखाद्या पेशीत दोन्ही बिघडल्या की गाठ धरते, आणि बहुतेक पोरांत हे आईबापाकडनं न येता त्यांच्या स्वतःच्याच शरीरात घडतं. ग्रहण नाही, काजळ नाही, मोबाइल नाही, आईनं काय केलं किंवा नाही केलं त्यानं काही होत नाही. काही घरांत मात्र तो बिघाड पिढीतनं येतो, म्हणून आईवडिलांचे आणि भावंडांचे डोळे पण तपासतात.

आजी पटकन म्हणाल्या, "मग माझ्याकडनं आलं असंल तर?" खोलीत कुणी काही बोलेना. मी म्हटलं, आजी, आलं असलं तरी तुम्ही ते निवडून दिलेलं नाही, तपासायचं ते धाकट्या नातवाला वेळेत बघता यावं म्हणून, गुन्हेगार शोधायला नाही. त्यानंतर त्यांनी सुनेकडं बघितलं, त्या भेटीत पहिल्यांदाच.

मग ड्रॉवरमधला नमुन्याचा कृत्रिम डोळा काढून दिला. लोकांना वाटतं आख्खी काचेची गोटी असणार, पण ते पातळ कवच असतं, दुसऱ्या डोळ्याचा रंग बघून रंगवलेलं. ऑपरेशनमध्ये आत गोळा बसवतात आणि जखम भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, त्यावर हे येतं. आई ते हातात घेऊन अंगठा फिरवत राहिली, आजींनी विचारलं रात्री कवळीसारखं काढून ठेवायचं का, तर नाही, बहुतेक वेळ आतच राहतं, सांगितलेलं असेल तेव्हा धुवायला काढायचं.

शेवटी एवढंच ठरवलं की हो कुणा एकानं म्हणायचं नाही, आईवडील आणि आजी, तिघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसायचं, सही आईवडील दोघांची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद, रेशनकार्ड, आधार आमच्या टेबलावरच लावून घेतले. त्याच आठवड्यात महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेले.

डोळा काढला, पॅथॉलॉजी रिपोर्ट बघून डॉक्टरांनी केमो नको म्हटलं. चांगला डोळा भूल देऊन तपासणं चालूच आहे, त्याला मार लागू नये म्हणून चष्मा दिलाय. पाहुण्यारावळ्यांत कुणी विचारलं तर आजीच उत्तर देतात, आजार होता, काढला. आई मात्र अजून अधनंमधनं फोनवर ग्रहणाचं विचारते, मग मी परत पहिल्यापासनं सगळं सांगते, आणि धाकट्याच्या तपासणीची पुढची तारीख तिच्याकडनं वदवून घेते.