बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करतेय, नोकरीसाठी आत्तापासून काय शिकू?
नुसतं ड्युई, म्हणजे पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याची पद्धत, पाठ करून भागत नाही हो, 891.46 म्हणजे मराठी साहित्य हे माहीत हवंच, पण हल्ली कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर येतं का तेही विचारतात. ते फुकट आहे, लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सची एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) आणि त्यावर कोहा टाकून घ्या आणि घरातली पन्नासेक पुस्तकं खरंच कॅटलॉग करा, मार्क (MARC) या पुस्तकांच्या नोंदीच्या ठरावीक साच्यात 100 नंबरच्या रकान्यात लेखक, 245 ला शीर्षक, हे हाताने भरल्याशिवाय डोक्यात बसत नाही. एकच लेखक कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये भरला की सर्चमध्ये त्याची दोन माणसं होतात, ते निस्तरणं हेच तर आपलं खरं काम. नेट-सेटचा (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचा) अभ्यासही सोडू नका. आणि सुट्टीत गावच्या वाचनालयात काउंटरवर बसाच, "ते निळ्या कव्हरचं द्या" म्हणणाऱ्या आजोबांना नेमकं काय हवंय ते शोधायला तिथेच शिकाल.