पुण्यात बीच व्हॉलीबॉलवर छोटी विनोदी फिल्म करायची आहे. मैदान इथेच बनवावं की कोकणात जावं?

इथेच बनवा. समुद्र नसलेल्या शहरातली बीच व्हॉलीबॉलची टीम, यातच अर्धा विनोद आहे. शिवाय किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. काल कोरडी असलेली वाळू आज त्याच वेळी ओली आणि कडक मिळते, मग शॉट जुळत नाहीत.

मैदान १६ बाय ८ मीटर, भोवती किमान ३ मीटर मोकळी जागा, म्हणजे एकूण २२ बाय १४. नियमाप्रमाणे ४० सेंटिमीटर खोल वाळू टाकायची तर साधारण ४४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते. शूटिंगपुरतं ३० सेंटिमीटरवर भागवलं तरी ३३ ब्रास. खाली जिओटेक्स्टाईल कापड अंथराच, नाहीतर काळी माती वर येऊन वाळूचा रंग दोन दिवसांत बदलतो.

खरी फसगत वाळूच्या जातीत होते. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) सहज मिळते, पण तिचे दाणे टोकदार असतात, डाइव्ह मारणाऱ्याचे गुडघे आणि कोपरं सोलवटतात. शिवाय ती काळ्या दगडाची, उन्हात चटके देते. धुतलेली, गोल दाण्याची, चाळलेली वाळू मागा. भुकटी राहिली तर उन्हात धुरळा आणि पावसात चिखल. शूटिंग सकाळी दहापर्यंत आणि साडेचारनंतर ठेवा.

जाळी पुरुषांसाठी २.४३, महिलांसाठी २.२४ मीटर. वाळूत उडी कमी जाते, त्यामुळे नटांसाठी जाळी थोडी खाली घेतली तर हरकत नाही. पण एकदा ठरवली की सगळ्या शॉटना तीच उंची. चेंडू इनडोअरचा घेऊ नका. बीचच्या चेंडूत हवा बरीच कमी असते (१७१ ते २२१ मिलिबार, इनडोअरला २९४ ते ३१९), त्यामुळे तो हातावरून वेगळाच उसळतो आणि खेळणाऱ्या प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

कॉलेजचे खेळाडू नटांच्या जागी खेळायला डबल म्हणून घेतलेत तर त्यांच्या इनडोअरच्या सवयी मोडाव्या लागतील. इथे बोटांनी हळूच चेंडू पलीकडे टाकणं फाउल आहे, पोरं बोटं मिटून पेराने मारतात. ब्लॉकला, म्हणजे जाळीवर हात उंचावून अडवताना, लागलेला चेंडूही टीमला मिळणाऱ्या तीन टचपैकी एक धरला जातो. टीममध्ये खेळाडू दोनच, बदली नाही. त्यामुळे दोघांचं भांडण झालं तरी सामना संपेपर्यंत एकमेकांना सोडून जाता येत नाही. पटकथेला याहून जास्त काय हवं!

विनोदासाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे पाठीमागे धरलेली बोटं. जाळीजवळचा खेळाडू सर्व्हिसआधी जोडीदाराला खूण करतो: एक बोट म्हणजे सरळ रेषेचा ब्लॉक, दोन म्हणजे तिरक्याचा, मूठ म्हणजे ब्लॉकच नाही. कॅमेरा मागे ठेवला की खुणा प्रेक्षकाला दिसतात, समोरच्या टीमला नाही. गोंधळ दाखवायला संवाद लागत नाही.

एक डोकेदुखी मात्र आधीच सोडवा. २१ गुणांच्या सेटमध्ये दोन्ही टीमचे मिळून दर ७ गुणांनी बाजू बदलतात, १५ च्या तिसऱ्या सेटमध्ये दर ५ गुणांनी. म्हणजे ५-३ ला मागे गुलमोहर असेल तर त्याच सेटमध्ये ६-३ लाही तोच यायला हवा. पटकथेत प्रत्येक गुणासमोर बाजू लिहून ठेवा, आणि दर टेकनंतर पावलांचे ठसे मिटवायला दोन पोरं दाताळं घेऊन उभी करा.