१९७४ साली पोर्तुगालमध्ये नेमकं काय काय घडलं? गोव्याशी त्याचा काही संबंध आहे का?

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. फक्त त्यासाठी ते वर्ष ३१ डिसेंबरपर्यंत वाचावं लागतं. बहुतेक लेख २५ एप्रिलला हुकूमशाही उलथवणाऱ्या लष्करी बंडापाशी आणि त्या दिवशी बंदुकीच्या नळीत खोचलेल्या लाल फुलांपाशी थांबतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. हुकूमशहा सालाझारने १९३२ पासून देश मुठीत ठेवला होता. १९६८ मध्ये आजारपणामुळे तो बाजूला झाला आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाले. पण सेन्सॉर तेच राहिलं, गुप्त पोलीस नाव बदलून तेच राहिले आणि आफ्रिकेतल्या वसाहती टिकवण्यासाठीचं युद्धही चालूच राहिलं. अंगोलात ते १९६१ पासून पेटलं होतं, गिनी-बिसावमध्ये १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून. आठ हजारांवर पोर्तुगीज सैनिक त्यात मेले.

बंड केलं ते कप्तान-मेजर दर्जाच्या अधिकाऱ्यांनी. आणि मला विचाराल तर, सुरुवातीला त्यात लोकशाहीपेक्षा नोकरीतला राग जास्त होता. सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना छोटासा अभ्यासक्रम करून सेवाज्येष्ठता मिळेल, असा हुकूम १९७३ च्या जुलैत निघाला. वर्षानुवर्षं आफ्रिकेत घासलेले कायम अधिकारी भडकले, गुप्त बैठका घेऊ लागले आणि बोलता बोलता गाडी बढतीवरून युद्धावर, युद्धावरून राजवटीवर आली. १९७४ च्या फेब्रुवारीत जनरल स्पिनोला यांनी पुस्तक लिहून, हे युद्ध नुसत्या लष्करी बळावर जिंकता येणार नाही, असं उघड म्हटलं. मार्चमध्ये त्यांना पदावरून काढलं. १६ मार्चला काल्दास दा रायन्याहून एक तुकडी लिस्बनवर चालून निघाली, पण तो प्रयत्न फसला.

मग आला एप्रिल. २४ तारखेला रात्री १०:५५ ला रेडिओवर पावलो द कार्व्हाल्योचं एक प्रेमगीत लागलं. त्याच महिन्यात युरोव्हिजनमध्ये तळाला गेलेलं गाणं, संशय येणार कुणाला? तो तयारीचा इशारा होता. मध्यरात्रीनंतर १२:२० ला झेका अफोन्सोचं ‘ग्रांडोला’ हे गाणं वाजलं आणि तुकड्या बाहेर पडल्या. सांतारेंहून निघालेल्या ताफ्याचा प्रमुख साल्गेरो माया हा २९ वर्षांचा कप्तान होता. लिस्बनमध्ये सिग्नल लाल दिसला म्हणून हा ताफा चक्क थांबला, असं सांगतात.

खरी कसोटी सकाळी नदीकाठी लागली. सरकारच्या बाजूचे रणगाडे समोर आले आणि ब्रिगेडियरने मायावर गोळी झाडायचा हुकूम सोडला. कनिष्ठ अधिकाऱ्याने नकार दिला, तेव्हा त्याला अटक झाली. मग तोच हुकूम रणगाड्यातल्या कॉर्पोरलला दिला, तर त्याने स्वतःला आत कोंडून घेतलं. माझ्या मते राजवट तिथेच पडली. संध्याकाळी कार्मो चौकातल्या बराकीत कायतानोंनी स्पिनोलांकडे सत्ता सोपवली, हा उपचार होता.

फुलांची गोष्ट मात्र खरी आहे. सेलेस्ते कायेरो ही एका रेस्टॉरंटात कामाला होती. त्या दिवशी रेस्टॉरंटचा पहिला वाढदिवस होता म्हणून ग्राहकांसाठी कार्नेशनची फुलं आणून ठेवली होती. पण गडबडीमुळे मालकाने बंद ठेवलं आणि फुलं घरी न्या म्हणून सांगितलं. वाटेत एका सैनिकाने सिगारेट मागितली, ती हिच्याकडे नव्हती, म्हणून हिने फूल दिलं. ‘रक्तहीन क्रांती’ हे विशेषण मात्र जपून वापरा. गुप्त पोलिसांनी आपल्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या आणि त्यात चौघे गेले.

२६ एप्रिलच्या रात्री लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले. मराठी माणसाला हा तुरुंग माहीत असायला हवा. गोवा मुक्तिसंग्रामातले सांगलीचे मोहन रानडे तिथेच होते. गोवा १९६१ मध्ये सुटला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये.

पुढचे महिने नुसती धावपळ. निर्वासित समाजवादी नेते मारिओ सोआरेस रेल्वेने परतले, १ मेला रस्ते माणसांनी फुलले, महिन्याला ३,३०० एस्कुडो हे पहिलं किमान वेतन ठरलं. स्पिनोला राष्ट्राध्यक्ष झाले, पण वसाहती झटपट सोडायला ते तयार नव्हते आणि कप्तानांना तर त्या लगेच सोडायच्या होत्या. जुलैत वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क कायद्याने मान्य झाला, १० सप्टेंबरला गिनी-बिसावला मान्यता मिळाली आणि ३० सप्टेंबरला स्पिनोलांनी राजीनामा दिला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सालाझारने गोवा गेल्याचं कधी मानलंच नाही. शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम न पाळता शरण आलेले गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना त्याने सैन्यातून काढून टाकलं. त्यांचा हुद्दा परत मिळाला तो क्रांतीनंतरच. आणि ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत करार झाला. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री झालेल्या सोआरेस यांनी, भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने त्यात मान्य केलं, तेही हे प्रदेश भारतात सामील झाले त्या तारखांपासून. तुटलेले राजनैतिक संबंधही पुन्हा जुळले.

सगळं काही त्या सहीने मिटलं नाही. गोवेकरांनी पोर्तुगीज बँकेत गहाण ठेवलेले दागिने १९६१ मध्ये लिस्बनला नेले होते. ते परत यायला १९९१ साल उजाडलं.