ग्रॅफाइट आधी बघायला शीक

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत लागलास, बरं झालं. पण लॅबमध्ये नमुना हातात आला की लगेच नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक ॲसिड, रचना उठून दिसायला लावतात ते) ओतू नकोस. आधी नुसता पॉलिश करून शंभरपट मोठा करून बघ. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे करड्या ओतीव लोखंडात, काळ्या वळवळत्या रेघा दिसतील, ते ग्रॅफाइट. पॉलिश करताना घाई केलीस तर ग्रॅफाइट उपटून निघतं अन् तू भोकंच मोजत बसतोस. मी बसलोय की!

वितळलेल्या लोखंडात साधारण 3.3 टक्के कार्बन विरघळलेला असतो. 1150 अंशांच्या आसपास रस गोठताना तो बाहेर पडतो. सिलिकॉन पुरेसं असेल अन् सावकाश थंड झालं तर ग्रॅफाइट होतो. पातळ कडेला झटक्यात गोठलं तर लोखंडाशीच बांधला जाऊन सिमेंटाइट बनतो. कड पांढरी, काचेसारखी कडक, मशिनशॉपवाले कानडी-मराठी दोन्हीत शिव्या घालतात. म्हणून लेडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, फेरोसिलिकॉनचा इनॉक्युलंट टाकतो: ग्रॅफाइटला धरायला बीज मिळतं. पण टाकून गप्पा मारत उभा राहू नको, दहा-पंधरा मिनिटांत त्याचा जोर उतरतो. वेज, म्हणजे पाचरीसारखा चाचणीचा तुकडा, ओतून तोडून बघ, टोकाची पांढरी पट्टी किती आली ते.

एसजी आयर्नमध्ये (गोल ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडात) मॅग्नेशियममुळे ग्रॅफाइटचे गोळे होतात. ते नंतर.