चिलटांची झोप आणि बाबांचा तक्ता

प्रश्न: मॅडम, कराड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये ३४ वर्षं विज्ञान शिकवून मी गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो. मुलगी २७ वर्षांची. झूलॉजीत एम.एस्सी., जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीसह नेट, आता पुण्यात एका संशोधन संस्थेत पीएच.डी.चं तिसरं वर्ष. विषय, चिलटांची झोप. हसू नका. घरी येते ती दोन दिवसांसाठी, त्यातला एक झोपण्यात जातो. यंदा भाऊबीजेचं ओवाळून दुपारीच परत गेली. पावसाळ्यात संध्याकाळी ढोल पथकात असते. धाकट्याची इंजिनिअरिंगची फी यंदा तिनेच भरली, ते मी नाकारत नाही. तिच्या दिवसाचा तक्ता सोबत जोडला आहे. व्हॉट्सॲपवर ती कधी ऑनलाइन दिसते ते बघून आणि रूममेटला विश्वासात घेऊन तयार केला. रात्री १.४० ला जागी असते. तिच्या गाईडनाही तिला न सांगता फोन केला होता. काम चांगलं चाललंय म्हणाले, पण ते तसंच म्हणणार. तिचा आतेभाऊ एमपीएससीतून नायब तहसीलदार झाला. ही अजून शिकतेच आहे, वय निघून चाललंय. तिला वेळापत्रक आखून द्यावं आणि एमपीएससीकडे कसं वळवावं ते सांगावं.

उत्तर:

सर, चिलटांना मी हसले नाही. तक्ता उघडला तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

फूलस्केपवर पेन्सिलने आखलेले रकाने, वार, वेळ, कुठे होती, आणि शेवटचा रकाना ‘अंदाज’. त्या रकान्यात मंगळवारसमोर तुम्ही लिहिलंय, ‘जागी. कारण समजत नाही.’ अक्षर इतकं सुरेख की हजेरीपट भरण्यात हयात गेली हे लगेच कळतं. सातवीतल्या पोराचा असा हजेरीपट ठेवायचा असतो, सर. जिच्या पैशावर घरातल्या एका मुलाचं इंजिनिअरिंग चाललंय तिचा नाही.

आणि रूममेट! त्या दोघी एका खोलीत राहतात, एकमेकींची दुखणीखुपणी काढत असतील. त्यातल्या एकीला तुम्ही खबरी करून ठेवलंत. विश्वासात घेतलं म्हणता, पण गेला कोणाचा विश्वास? गाईडचा फोन तर त्याहून वाईट. उद्या ती आपले आकडे घेऊन त्यांच्यासमोर बसेल तेव्हा त्यांच्या डोक्यात कुठेतरी राहणारच की हिचे वडील फोन करतात. पीएच.डी.मध्ये माणूस सहकारी म्हणून उभं राहायला शिकत असतो. तुम्ही तिला एका फोनमध्ये पुन्हा पालक-सभेच्या बाकावर नेऊन बसवलंत. नोकरीच्या काळात एखाद्या मास्तरच्या वडिलांनी मुख्याध्यापकांना असा फोन केला असता, तर स्टाफरूममध्ये काय झालं असतं ते तुम्हीच आठवा.

आता तिच्याकडचा तक्ता कसा असतो ते सांगते. चिलटांच्या झोपेवर काम करणारी मुलं माझ्यासमोर बसून गेली आहेत, त्यांच्याकडून ऐकलेलं. आपल्या करंगळीहून बारीक काचेच्या नळ्या, प्रत्येकीत एकच चिलट, एका टोकाला खाणं, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा. अशा ३२ नळ्या एका यंत्रात बसतात. प्रत्येक नळीच्या मधोमध न दिसणारा इन्फ्रारेड किरण. चिलट इकडून तिकडे गेलं की किरण तुटतो, संगणक एक खूण करतो. सलग पाच मिनिटं किरण तुटला नाही, तर ते झोपलं असं धरतात. हे दिवसेंदिवस चालतं. पण त्या मुलांना एक पक्कं शिकवलेलं असतं, यंत्राने फक्त हालचाल मोजली आहे, कारण मोजलेलं नाही. चिलट म्हातारं आहे की भुकेलं की मेलंय, हे उठून नळीत डोकावून बघावं लागतं. तुमच्या तक्त्यात डोकावणं राहून गेलंय.

म्हणून तक्त्यातल्या तीन नोंदी मीच सोडवून बघते. रोज सकाळी आठला ‘घाईत बाहेर’, रविवारीसुद्धा. कोषातून बाहेर पडलेली मादी पहिले आठेक तास नराला जवळ येऊ देत नाही. कोणाचं कोणाशी जुळवायचं हे संशोधकाला ठरवायचं असेल, तर त्या वेळेच्या आत माद्या वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणजे सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. कार्बन डायऑक्साइड देऊन चिलटं निपचित करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगकामाच्या बारीक ब्रशने माद्या एकीकडे, नर एकीकडे. हे काम तिने वडिलांना खुलासेवार का सांगितलं नसेल, ते मी समजू शकते. भाऊबीजेचंही असंच. अंड्यापासून दहाएक दिवसांत चिलट उडायला लागतं. दहावा दिवस भाऊबीजेला आला, तर ते काही थांबत नाही.

राहिले रात्रीचे १.४०. शरीरातल्या घड्याळावर काम असलं की दर चार तासांनी नमुने घ्यावे लागतात, रात्रीचे धरून. तेही मंद लाल दिव्यात, कारण लाल उजेड चिलटांना फारसा जाणवत नाही. दोनच्या नमुन्यासाठी उठलेली मुलगी फोन बघणारच. अर्थात हा माझा अंदाज, तुमच्या शेवटच्या रकान्यासारखाच. ती काळजीनेही जागी असू शकते. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी बरीच मुलं खचतात. प्रयोग सहा महिने चालून शून्य निघतो, बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं-घरं झालेली असतात. घरी आल्यावर एक दिवस झोपून काढते ते दमल्यामुळे की बोलायचं टाळायचं म्हणून, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रभर शोधलं. रूममेटला विचारलंत, गाईडना विचारलंत, मला विचारताय.

‘अजून शिकतेच आहे’ हे तुमचं वाक्य, त्याचा एकदा निकाल लावू. आपल्याकडे शिक्षण म्हणजे वर्ग, पेपर, मार्क आणि बापाचा खर्च. पीएच.डी.त यातलं जवळजवळ काही नसतं. पहिल्या काही महिन्यांचा कोर्सवर्क संपला की कोणी शिकवत नाही, कारण ती जे शोधतेय ते अजून कोणालाच ठाऊक नसतं. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं एसआरएफचे, म्हणजे त्याच शिष्यवृत्तीच्या वरच्या टप्प्याचे, ४२,०००. जानेवारी २०२३ पासून हे दर आहेत. पैसे दर महिन्याला वेळेवर येतातच असं नाही, ही वेगळी रड. पण नायब तहसीलदार झालेला भाचा कामाला जातो आणि ही शाळेत जाते, असं चित्र डोक्यात असेल तर ते पुसा. दोघंही कामाला जातात.

चिलटांची झोप हा विषय तुम्हाला पोरखेळ वाटतो, विज्ञानाचे शिक्षक असून. कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर या शास्त्रज्ञाच्या हाताखाली रोनाल्ड कोनोप्का नावाचा पीएच.डी.चा विद्यार्थी होता, तुमच्या मुलीसारखाच. चिलटं सहसा पहाटेच्या सुमाराला कोषातून बाहेर येतात. हा भलत्या वेळी येणारी शोधत बसला. त्याला तीन प्रकार सापडले. एकांचा दिवस १९ तासांचा, दुसऱ्यांचा २८ तासांचा, तिसऱ्यांना दिवस-रात्रीचं भानच नाही. तिन्हींतला बिघाड एकाच जनुकात निघाला. १९७१ साली ते छापून आलं. पुढे त्याच जनुकाचा माग काढणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ ओबैद सिद्दिकींनी चिलटांवरचं काम रुजवलं, त्यालाही आता पन्नासेक वर्षं होतील.

पण गोष्ट अर्धी सांगून तुम्हाला फसवणार नाही. कोनोप्काला विद्यापीठात कायम नोकरी मिळाली नाही आणि नोबेलच्या दोन वर्षं आधी तो वारला. म्हणजे तुमची भीती अगदीच अनाठायी नाही. पीएच.डी. झाली की प्राध्यापक, हे गणित आपल्या राज्यात कधीच मोडलंय. तासिका तत्त्वावर राबणारे डॉक्टर मी रोज बघते. परदेशात पोस्टडॉक म्हणजे पीएच.डी.नंतरचं मुदतीचं संशोधन, औषध कंपन्या, विदा (डेटा)-विश्लेषण, विज्ञान-लेखन अशा वाटा आहेत, पण त्या चौथ्या वर्षापासून शोधाव्या लागतात. ‘गाईडशिवाय आणखी कोण तुझं काम ओळखतं?’ हा प्रश्न तिला जरूर विचारा, सहज म्हणून, चहा पिताना.

एमपीएससीचं एका ओळीत. राज्यसेवेला खुल्या गटात वयाची अट ३८ आहे, तेव्हा काही निघून चाललेलं नाही, आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यामुळे ती ‘जाता जाता’ देण्याची गोष्ट राहिलेली नाही. तिला द्यायची असेल तर ती देईल. तिचं मन पत्रात कुठे दिसलं नाही, म्हणून वेळापत्रक मी आखत नाही.

ढोलाबद्दल मात्र बजावून सांगते. दिवसभर तीन मिलिमीटरचा जीव ब्रशच्या टोकाने सरकवणारी मुलगी संध्याकाळी नदीकाठी सरावाला उभी राहून खांदे भरून येईपर्यंत ढोल बडवते. तिथे तिचा गाईड नसतो, आकडे नसतात, चुकलं तर शेजारची हसते आणि ठेका पुन्हा धरता येतो. तुमच्या सगळ्या तक्त्यात मला निर्धास्त करणारी ही एकच नोंद. पथक सोडायला सांगू नका. तिने आपणहून सोडलं, तर त्या दिवशी मला लिहा.

आता तुमच्याबद्दल. पत्राच्या पहिल्या वाक्यात तुम्ही निवृत्तीची तारीख दिलीत. तक्त्यातली पहिली नोंद जुलैची आहे. चौतीस वर्षं घंटेवर चाललेला दिवस जूनमध्ये एकाएकी मोकळा झाला आणि महिन्याभरात तुम्ही मुलीचे तास मांडायला बसलात. वेळापत्रक कोणाला हवंय, हे मला त्या कागदावर स्पष्ट दिसतंय. तुमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद असेल, नव्या शिक्षकांना वेळ नसेल. आठवड्यातले दोन दुपारचे तास मागून घ्या. पिकलेलं केळं बाटलीत ठेवलं की चार दिवसांत चिलटं हजर. वर कापूस लावा आणि दहा दिवस पोरांना नोंदी ठेवायला सांगा. अंडी, अळी, कोष, माशी, सगळं पुस्तकातलं चित्र बाटलीत दिसेल. अडलं तर मुलीला फोन करा. त्या फोनवर ती दोन मिनिटांत ‘बरं बाबा, ठेवते’ म्हणणार नाही, असं मला वाटतं.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, पुण्यातल्या बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी खुल्या असतात. तिची असेल तर जा, तिला सांगून जा. आणि गाईडना फोन केला होतात हे त्यांच्याकडून कळायच्या आत तिला स्वतः सांगा. चिडेल. एखादी सुट्टी घरी यायचीही नाही कदाचित. तक्ता मी या उत्तरासोबत पोस्टाने परत पाठवतेय.